गडगा, कोयता आणि तुरुंगाची वाट

सकाळी भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत येणाऱ्या माणसांकडे नीट पाहिले, तर त्यांतली कोर्टाला निघालेली माणसे चटकन ओळखू येतात. डाव्या हाताला खाडीचे मुख असते, त्यापलीकडे समुद्र. समोर राजिवडा दिसत असतो. पण या माणसांचे लक्ष कशातच नसते. इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणि सोबतीला घरातला कुणी वडीलधारा. बाजाराला निघालेला माणूस बोलत असतो, कोर्टाला निघालेला गप्प असतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो आणि वकिलाच्या खोलीत शिरल्यावर तो बहुधा त्याची आई विचारते : "वकीलसाहेब, माझा पोर तुरुंगात तर नाही ना जायचा?"

या प्रश्नाला चांगला वकील लगेच उत्तर देत नाही. 'मी आहे ना, काही होत नाही' असे जो पहिल्याच भेटीत सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. मारहाणीच्या खटल्यात तुरुंग टळतो तो कुणाच्या ओळखीने किंवा एखाद्या युक्तीने नव्हे. एक मार आणि तुरुंगाचे दार यांच्यामध्ये कायद्यानेच बऱ्याच पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. वकिलाचे काम म्हणजे यातली एकही पायरी कोर्टाने न तपासता ओलांडू नये, हे पाहणे. हे काम कसे चालते, त्यातले रास्त कोणते आणि गैर कोणते, हे सामान्य माणसाला ठाऊक असायला हवे. कारण कोकणात मारामाऱ्या गुंडांच्या कमी आणि शेजाऱ्यांच्या जास्त.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका घराचे नाही, खाडीकाठच्या कुठल्याही वाडीत घडावे असे आहे. भावकीतली दोन घरे. मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, अर्धा ढासळलेला. गडग्याच्या नेमक्या रेषेवर एक माड. हा माड कुणाचा, यावर दोन पिढ्या बोलाचाली चालू. मे महिन्यात पलीकडच्या काकांनी नारळ पाडून घेतले. अलीकडचा वीस वर्षांचा पुतण्या हातात कोयता घेऊन झावळ्या तोडत होता. शब्दाला शब्द लागला. काकांच्या हातातले दांडके पुतण्याच्या डोक्यात बसले, पुतण्याचा कोयता काकांच्या डाव्या हातावर पडला. काकांच्या बोटाचे हाड मोडले, पुतण्याच्या डोक्यातून रक्त आले. सगळे मिळून दोन मिनिटे. या दोन मिनिटांचा हिशेब लावायला पुढे कोर्टाला काही वर्षे लागतात.

पहिला दिवस

पुतण्याच्या घरचे लोक त्याला घेऊन येतात, तेव्हा वकिलाचा पहिला प्रश्न 'कुणी सुरुवात केली' हा नसतो. 'डोक्यावरची जखम डॉक्टरांना दाखवली का?' हा असतो. घरातल्या घरात हळद भरून पट्टी बांधली असेल, तर अर्धा खटला तिथेच हातचा गेला. काका जिल्हा रुग्णालयात दाखल आहेत, त्यांच्या प्रत्येक जखमेची नोंद झाली आहे. पुतण्याच्या जखमेची नोंद कुठेच नाही. वर्षांनंतर कोर्टात तो 'मलाही मारले होते' म्हणू लागला, तर त्याला आधार काय?

दुसरा सल्ला असतो, कोयता खाडीत फेकू नका. पुरावा नाहीसा करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो करा असे सांगणारा वकील स्वतःच गुन्ह्यात सामील होतो. तिसरा सल्ला पाळायला सर्वांत अवघड. वाडीत, पारावर, फोनवर बढाई मारू नका आणि माफीही मागत फिरू नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे खरे. पण शेजाऱ्यापुढे मारलेली 'चांगला धडा शिकवला' ही फुशारकी वापरता येते.

चौथी गोष्ट अटकेची. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात बजावले, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये. अटकेची गरज काय, ते कागदावर लिहावे, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी. गुन्हा त्याहून मोठ्या कलमाचा लागला, तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागतो. घरातले लोक ज्याला 'सुटला' म्हणतात, तो बहुतेक वेळा फक्त जामीन असतो. खटला अजून उभाच असतो.

धार की पाठ?

मारहाण हा एक गुन्हा नाही, ती गुन्ह्यांची उतरंड आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटनांना आजही १८६० ची दंडसंहिताच लागते. कलमांचे आकडे बदलले, उतरंड तीच राहिली. जुने ३२३, म्हणजे नवे ११५(२), साध्या दुखापतीचे : फार तर एक वर्ष, किंवा नुसता दंड. हा गुन्हा अदखलपात्र; पोलीस 'एन.सी.' नोंदवतात आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करीत नाहीत. जुने ३२५, नवे ११७(२), जबर दुखापतीचे : सात वर्षांपर्यंत. आणि जुने ३२६, नवे ११८(२), घातक हत्याराने केलेल्या जबर दुखापतीचे : दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. नव्या संहितेने इथे किमान एक वर्षाची शिक्षाही घातली आहे.

'जबर' म्हणजे काय, याच्या आठ व्याख्या कायद्यात आहेत. डोळा जाणे, कान जाणे, अवयव निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे त्यांत येते. हाड मोडणे किंवा निखळणे येते, आणि दात पडणेही येते. दात आधीच हलत होता का, हा प्रश्न उलटतपासात येतो तेव्हा प्रेक्षक हसतात. पण त्या दातावर एक वर्ष आणि सात वर्षे यांतला फरक टांगलेला असतो. शेवटची व्याख्या अशी, की जखमी माणूस काही दिवस तीव्र वेदनेत असावा किंवा नेहमीचे व्यवहार करू शकत नसावा. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती, नव्यात पंधरा दिवसांची आहे.

म्हणून वकील रात्री जागून वाचतो ते डॉक्टरांचे प्रमाणपत्र. जखम चिरलेली आहे की फाटलेली? कडा सरळ आहेत की वेड्यावाकड्या? धारदार हत्याराची जखम चिरते, बोथट वस्तूची फाटते किंवा नुसता मुका मार देते. आपल्या उदाहरणात काकांच्या बोटाचे हाड मोडले आहे, पण कातडी चिरलेली नाही, तर कोयत्याची धार लागली की पाठ? हाड मोडल्याचे म्हणतात, तर एक्स-रेची फिल्म कोर्टात आली का? तो पाहणारे डॉक्टर साक्षीला आले का?

वाचकाला हे शब्दांचे खेळ वाटतील. पण या एका प्रश्नावर पुढच्या दोन वाटा अवलंबून आहेत. ११८(२) खाली दोषी ठरला, तर फिर्यादीने मनापासून माफ केले तरी खालचे कोर्ट तडजोड नोंदवू शकत नाही. आणि त्या गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूद असल्यामुळे प्रोबेशनचा कायदाही मदतीला येत नाही. तेच कृत्य ११७(२) मध्ये बसले, तर दोन्ही वाटा खुल्या राहतात. वीस वर्षांच्या मुलाचे पुढचे आयुष्य कोयत्याची धार आणि कोयत्याची पाठ यांच्यामध्ये असते, असे म्हटले तर ते अलंकारिक नाही.

मार एकच आणि त्याची नावे किती, याचे देशाला ठाऊक असलेले उदाहरण नवज्योतसिंग सिद्धू यांचे. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळा येथे रस्त्यावरच्या भांडणात ६५ वर्षांच्या एका गृहस्थांना मार बसला आणि त्यांचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने १९९९ साली सिद्धूंना निर्दोष सोडले. हायकोर्टाने २००६ साली सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षे दिली. सुप्रीम कोर्टाने मे २०१८ मध्ये ही केवळ साधी दुखापत ठरवून एक हजार रुपये दंड केला आणि मे २०२२ मध्ये फेरविचार करून एक वर्ष सक्तमजुरी दिली. साक्षीपुरावा तोच, घटना तीच; निकाल चार. तिसऱ्या निकालावर निःश्वास टाकणाऱ्यालाही चौतिसाव्या वर्षी तुरुंगाचे दार उघडू शकते.

आधी कुणी मारले?

आता पुतण्याच्या डोक्यावरची जखम उपयोगी पडते. आपल्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. दोन अटींवर : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर स्वतः हात उगारायचा नाही. डोक्यात दांडके बसत असताना माणूस हाताला लागेल त्याने प्रतिकार करतो. त्या क्षणी त्याने किती जोर लावला, हे सोनाराच्या तराजूत तोलायचे नसते, अशी वरिष्ठ न्यायालयांची जुनी भूमिका आहे. हा बचाव आरोपीला संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. फिर्यादी पक्षाच्याच साक्षींतून तो शक्य वाटला, तरी पुरतो.

सुप्रीम कोर्टाने १९७६ साली लक्ष्मीसिंग खटल्यात सांगितले, की आरोपीच्या अंगावरच्या ठळक जखमांचा खुलासा फिर्यादी पक्ष करीत नसेल, तर त्याने हकिकत दडवली असा निष्कर्ष काढता येतो. काका साक्षीत म्हणतात, 'माझ्या हातात काहीच नव्हते.' मग पुतण्याच्या डोक्याला टाके कशाने पडले? वकील हा प्रश्न शांतपणे, एकदाच विचारतो आणि खाली बसतो. चांगल्या उलटतपासात आवाज चढत नाही.

कोकणात बहुधा दोन्ही बाजूंनी फिर्यादी झालेल्या असतात. अशी परस्परविरोधी प्रकरणे एकाच न्यायाधीशापुढे, एकापाठोपाठ एक चालावीत, असे सुप्रीम कोर्टाने १९९० साली सांगितले आहे. नाही तर एका खोलीत काका खरे ठरतील आणि शेजारच्या खोलीत पुतण्या. आणि स्वसंरक्षण सिद्ध झाले नाही, पण काकांनी एकाएकी गंभीर चिथावणी दिली असे दिसले, तरी गुन्ह्याची पायरी खाली येते : अशा जबर दुखापतीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंडही होऊ शकतो.

इथे एक रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. साक्षीदाराने काय पाहिले, किती अंतरावरून पाहिले, त्याचे आरोपीशी वैर आहे का, हे विचारणे वकिलाचे कर्तव्य आहे. त्याच साक्षीदाराच्या घरी रात्री जाऊन पाकीट ठेवणे हा गुन्हा आहे. गावात दोन्हींना 'वकिलाने सोडवले' असेच म्हणतात. साक्षीदार फितूर होतात, तारखांवर तारखा पडतात, फिर्यादी कंटाळतो, हे घडते. असे वागून सुटणारा तुरुंगातून सुटतो, गावाच्या नजरेतून नाही. दुसरीकडे, अशील दोषी असल्याची मनात शंका आहे, एवढ्यावर वकिलाने बचावात कसूर करावी, हेही बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही. आपल्या मनातले मत बाजूला ठेवून बचाव करायचा, असा तो नियम आहे. निकाल देणे वकिलाचे काम नाही.

ओटीवरची आणि कोर्टातली तडजोड

खटला उभा राहून वर्ष झाले की दोन्ही घरांतली उष्णता ओसरते. गणपतीला मुंबईहून आलेला चुलता मध्ये पडतो. 'किती दिवस चालवायचे हे?' साध्या दुखापतीत फिर्यादी स्वतःच्या मर्जीने तडजोड करू शकतो. जबर दुखापतीत, म्हणजे ११७(२) मध्ये, कोर्टाची परवानगी लागते. घातक हत्याराच्या कलमांना तडजोडीच्या यादीत जागा नाही. तिथे दोन्ही पक्षांना हायकोर्टात जाऊन खटला रद्द करण्याची विनंती करावी लागते. ग्यानसिंग खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने हा अधिकार मान्य केला. मात्र गुन्हा किती गंभीर, समाजावर त्याचा परिणाम काय, हे हायकोर्टाने पाहायचे. या कामासाठी रत्नागिरीकरांना मुंबई गाठावी लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे गेला.

पण तडजोड म्हणजे नेहमीच शहाणपण नव्हे. काकांच्या जागी एकटी विधवा असती, तिचा हात मोडला असता, आणि भावकीने विहिरीचे पाणी तोडण्याची धमकी देऊन तिचा अंगठा घेतला असता, तर त्या कागदाला तडजोड म्हणायचे का? परवानगी देणाऱ्या न्यायाधीशाने जखमी माणसाला समोर बोलावून, तो स्वखुशीने आला आहे का, हे विचारायचे असते ते याचसाठी. शहाणा बचाव वकीलही दबावाची तडजोड टाळतो. आज सही करणारी बाई उद्या हायकोर्टात अर्ज करू शकते.

दोषी ठरल्यावर

सगळे करूनही पुतण्या ११७(२) खाली दोषी ठरला, असे धरू. घरच्यांच्या लेखी सारे संपले. प्रत्यक्षात वकिलाचे महत्त्वाचे काम इथून पुढे सुरू होते, आणि पुष्कळ वकील नेमके इथेच दोन वाक्ये बोलून थांबतात : 'पहिलाच गुन्हा आहे, दया करावी.'

१९५८ चा प्रोबेशनचा कायदा दयेवर चालत नाही, माहितीवर चालतो. कलम चारप्रमाणे कोर्ट दोषी माणसाला शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकते, ही मुदत तीन वर्षांपर्यंत असते. माणूस एकवीस वर्षांखालचा असेल तर कलम सहा आणखी पुढे जाते : तुरुंगात पाठवायचे असेल, तर का पाठवतो याची कारणे कोर्टाने लिहिली पाहिजेत. मात्र हे वय घटनेच्या दिवशीचे नाही, निकालाच्या दिवशीचे मोजतात. आपला पुतण्या घटनेच्या वेळी वीस वर्षांचा होता. खटला पाच वर्षे रेंगाळला, तर कलम सहाचे दार त्याला बंद झाले. तारखा वाढवणे म्हणजे अशिलाचे हित, असे समजणाऱ्या वकिलांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून खटला चालू असतानाच तयारी लागते. मुलाने शिक्षण पुढे चालू ठेवले का? आयटीआयचा दाखला, कामावरच्या मालकाचे पत्र, दारू सुटली असेल तर त्याचा पुरावा, घटनेनंतर एकही तक्रार नाही हे दाखवणारी कागदपत्रे. आणि सर्वांत महत्त्वाचे, काकांच्या औषधोपचाराचा खर्च त्याने स्वतःहून भरला का? प्रोबेशन अधिकारी घरी येऊन चौकशी करतो, तेव्हा त्याला रचलेली गोष्ट नको असते, बदललेला माणूस दिसायला हवा असतो. नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे, पण ती थोड्या किरकोळ गुन्ह्यांपुरती, दुखापतीला नाही. तेव्हा बंधपत्राची ही जुनी वाटच आजही खरी.

ती वाटही सर्व धुऊन काढत नाही. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता या कायद्याच्या कलम बारामुळे टळते. पण माणसाचे वर्तन विचारात घेण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्या खात्याकडे राहतो, असे सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे. जहाजावर किंवा सरकारी खात्यात जाऊ पाहणाऱ्या मुलाला हे आधीच सांगणारा वकील प्रामाणिक.

आणि जखमी माणसाचे काय? बचावाच्या या सगळ्या कथेत काकांचे मोडलेले बोट मागे पडते. आरोपीला शिक्षा किती, यावर तासभर युक्तिवाद होतो. ज्याचा हात गेला, त्याच्या बुडालेल्या मजुरीबद्दल कुणी विचारीत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, हे बोट दाखवून सांगितले. शेताजवळून जाणाऱ्या माणसांवर कुत्रा भुंकला, एवढ्यावरून भांडण होऊन माणूस मेला, असे ते प्रकरण. नुकसानभरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात कोर्टाने केलाच पाहिजे, आणि दिली किंवा न दिली, तरी कारण लिहिले पाहिजे, असे त्या निकालात आहे. प्रोबेशनच्या कायद्यातही भरपाईची तरतूद आहे. अशिलाला तुरुंगापासून वाचवायचे, तर समोरच्याचे नुकसान भरून काढणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, हे चांगल्या वकिलांना ठाऊक असते. त्यात अशिलाचा पराभव नसतो.

वकील परवडत नाही, म्हणून या पायऱ्या कुणाला ठाऊकच होऊ नयेत, हेही बरोबर नाही. महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला वकील देणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे सांगितले. आज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जातीजमातींचे लोक, कोठडीतले आरोपी आणि कमी उत्पन्नाची माणसे मोफत वकील मागू शकतात. मागावा लागतो, घरी चालत येत नाही.

उरलेला गडगा

पुतण्या बंधपत्रावर सुटला. काकांना भरपाई मिळाली. दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी पूल ओलांडून घरी आले. सुरूच्या बनातून तोच वारा, आगरात तेच माड. आणि दोन घरांच्या मध्ये तोच गडगा, अर्धा ढासळलेला. त्यावर तोच माड, आणि पुढच्या मे महिन्यात त्याला पुन्हा नारळ धरणार आहेत.

फौजदारी कोर्टाने कोयता कुणी मारला, हे ठरवले. माड कुणाचा, हे त्याने ठरवले नाही. ते त्याचे कामही नव्हते. म्हणून जो वकील आपल्या अशिलाला जामीन मिळाल्याबरोबर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करायला लावतो, तडजोडीच्या कागदात 'यापुढे भांडणार नाही' एवढेच न लिहिता हद्दीचे खुंटे कुठे रोवायचे तेही लिहून घेतो, त्या वकिलाने त्या मुलाला एकदाच नव्हे, दोनदा तुरुंगापासून वाचवले. दुसऱ्या खेपेला 'पहिलाच गुन्हा' म्हणण्याची सोय नसते.

तेव्हा त्या आईच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे, तर ते असे आहे : "बाई, पोराला तुरुंगापासून वाचवायचा प्रयत्न मी करीन. पण तो पुन्हा इथे येऊ नये असे वाटत असेल, तर आधी गडगा मोजून घ्या."

मोजणीची फी वकिलाच्या फीपेक्षा बहुधा कमीच असते.